कोंडून ठेवण्यातला धोका
गर्दुल्ल्यांना चार दिवस खोलीत कोंडून ठेवावे म्हणजे नशा आपोआप सुटेल, असे मत काहीजण मांडतात; ते मला धोकादायक वाटते. गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनचाच प्रकार) बंद केल्यावरची अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांतले पाणी आठवड्याभरात बरेच ओसरते हे खरे. पण त्याच काळात शरीराची ती मात्रा सोसण्याची सवयही मोडते, आणि बाहेर आलेल्या माणसाने जुन्याच मात्रेने पुन्हा घेतले तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. येरवड्यात आमच्या शेजारच्या मुलाला असेच कोंडले होते आणि आई खिडकीच्या गजांतून पोळीची गुंडाळी देत असे. पोलिसांत नाव जाईल या धास्तीने घरच्यांनी उपचार टाळले. वास्तविक अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केल्यास खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. शिवाय मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यातच आहे.