मदत हवी आहे: पीनट बटरचे बेक्ड डोनट (दूध-अंडं न घालता) गच्च बसतायत

नमस्कार मंडळी,

येत्या शुक्रवारी लेकीचा सातवा वाढदिवस. तिला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. लॅक्टोज न पचणं वेगळं आणि हे वेगळं, त्यामुळे दही, ताक, लोणी, तूप, खवा काहीच चालत नाही. 'चमचाभर तुपाने काय होतंय' हे इतक्यांदा ऐकलंय की आधीच सांगून टाकते. अंडं आमच्या घरात येत नाही. बेकरीतल्या एगलेस केकात बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही असतं, म्हणजे तोही बाद. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की ती गुपचूप आपल्या डब्यातला चुरमुऱ्याचा लाडू खाते. यंदा तिने एकच गोष्ट मागितलीय: मधे भोक असलेले डोनट, सगळ्यांनी एकच खाऊ खायचा. म्हणून मला हे जमवायचंच आहे.

सोया दूध तिला चालतं, शेंगदाणेही (दोन्ही डॉक्टरांना विचारून झालंय). पीनट बटर घरीच करते. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सालं पाखडायची आणि मिक्सरला लावायचे. आधी कूट होतो, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटतो. दोन-तीनदा थांबून खरवडलं की तेल सुटून सरसरीत होतं. मीठ-साखर काही घालत नाही.

माझं प्रमाण असं: 1 कप मैदा, अर्धा कप कणीक, पाऊण कप साखर, 1 कप सोया दूध, त्यात 1 टेबलस्पून व्हिनेगर, अर्धा कप पीनट बटर, 2 टेबलस्पून तेल, दीड टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा. अंड्याऐवजी 1 टेबलस्पून जवसाची पूड 3 टेबलस्पून पाण्यात भिजवून. सगळं कालवून झालं की शेवटी पीनट बटर घालते. ते लवकर मिसळत नाही, गुठळ्या राहतात, म्हणून बीटरने चांगलं पाच मिनिटं फेटते. मग ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) 180 अंशांवर तापायला ठेवते. साच्यात सहाच डोनट होतात, म्हणून दोन घाणे, प्रत्येकी 15 मिनिटं.

दोनदा केले, दोन्ही वेळा तेच. वरून रंग सुरेख येतो. कापल्यावर तळाशी बोटभर जाडीचा दमट, चकाकणारा थर दिसतो, दाताला चिकटतो. जाळी अगदी नावाला. दुसरा घाणा तर पहिल्यापेक्षाही बसका. चव मात्र फार छान आहे, म्हणूनच जीव चुटपुटतोय. पीनट बटर कमी करू का? की जवस चुकतंय? कुणी केले असतील तर नीट सांगा.

ओटीजीवाली: ताई, दुसरा घाणा जास्त बसका होतो हे लिहिलंत ते फार बरं केलंत, दुखणं तिथेच सापडतं. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे सुटायला लागतात. पीठ कालवून तुम्ही ओटीजी तापायची वाट बघता, म्हणजे पहिल्या घाण्याचीच निम्मी हवा ओट्यावर निघून जाते. दुसऱ्यासाठी काय उरणार? ओटीजी आधी तापवा, मगच ओलं-कोरडं एकत्र करा. आणि दोन्ही साहित्य आधीच निम्मं-निम्मं वेगळं ठेवा, पहिला साचा बाहेर आला की दुसरं कालवा.

दुसरी गोष्ट ते पाच मिनिटं फेटणं. मैद्याला पाणी लागल्यावर जितकं घोटाल तितकं ग्लुटेन (पिठातलं चिवट प्रथिन) ताणतं. पोळीच्या कणकेला ते हवं, डोनटला नको. पीनट बटर शेवटी घातलंत तर घोटावंच लागणार. त्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, गार दूध थोडं-थोडं पडलं की ते उलट घट्ट होतं. दूध कोमट करा, त्यातलं पाव कप पीनट बटरवर ओतून चमच्याने सैल करा, मग उरलेलं. ताकासारखं एकजीव झालं की साखर, तेल, जवस त्यातच. मैदा चाळून घालायचा आणि उलथन्याने बारा-पंधरा वेळा खालीवर करून थांबायचं. थोडा मैदा दिसला तरी चालेल.

पीनट बटर अर्ध्याऐवजी पाव कपावर आणा, चव राहते. कणीक या खेपेला वगळा, चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं. हात बसला की परत घाला. साचा दोन तृतीयांशच भरा.

भाजके_दाणे: जवस भरड असेल तर बुळबुळीत व्हायला हवं तितकं होत नाही. बारीक पूड करून दहा मिनिटं भिजू द्या. केळं घाला असं कुणी सांगेल, पण त्याने आणखी गच्च होतील आणि दाण्यांची चवही दबेल.

वर्गात नेताय म्हणून आणखी एक सांगते, हे मला डोनटपेक्षाही महत्त्वाचं वाटतं: बाईंना आधी विचारा, वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना. असेल तर सूर्यफुलाच्या बियांचं बटर याच पद्धतीने होतं. फक्त त्यातलं क्लोरोजेनिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की डोनट आतून हिरवे पडतात. खराब झाले नाहीत, खायला चालतात, पण मुलं घाबरतील. सोडा कमी केला की रंग कमी येतो.

वर डार्क चॉकलेट लावणार असाल तर वेष्टन वाचा. हिरवं व्हीगन चिन्ह म्हणजे त्यात दूध मुद्दाम घातलेलं नाही इतकंच. त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेटही बनत असेल तर अंश येऊ शकतो. 'दुधाचे अंश असू शकतात' असं कुठे बारीक अक्षरात आहे का ते शोधा, असेल तर ते चॉकलेट ठेवून द्या.

मी (मूळ प्रश्न): दोघींचे मनापासून आभार. काल रात्री केले. बाईंशी बोलले, वर्गात तशी ॲलर्जी कुणालाच नाही. हाताशी होतं त्या चॉकलेटवर ती ओळ निघालीच, म्हणून पिठीसाखर, एक चमचा पीनट बटर आणि सोया दूध कालवून तेच वर लावलं. पीठ इडलीच्या पिठाइतकं सैल राहिलं तेव्हा धाकधूक झाली होती. बाराव्या मिनिटाला काडी कोरडी निघाली. कापला तर खालपासून वरपर्यंत बारीक जाळी, तो दमट थर नाही! दुसरा घाणाही तितकाच फुलला.

आता एकच विचारते. गुरुवारी रात्री करून ठेवले तर सकाळी वरचं साखरेचं पाणी सुटेल का? की नुसते बेक करून ठेवू आणि लेप सकाळी साडेसहाला लावू? डबे सात वाजता निघतात. लेक आत्ताच वर्गातली नावं मोजत बसलीय, बत्तीस झालीत.

ओटीजीवाली: लेप सकाळीच. रात्री पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. बत्तीस म्हणजे सहा घाणे, संध्याकाळी सहालाच ओटीजी लावा.