मदत हवी आहे : वजनाची शस्त्रक्रिया, स्लीव्ह की बायपास? (आणि घरच्यांचं काय करायचं?)

काठापदर

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि कुंड्यांच्या धाग्यांवर असते, आज स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन आलेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४३, उंची १५७ सेंमी, वजन ९८ किलो. सांगली जिल्ह्यात हायस्कूलला शिकवते. मधुमेह सहा वर्षं, तीन प्रकारच्या गोळ्या, तरी गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९. झोपेत श्वास अडकतो. नवरा सांगायचा, "तू मधेच थांबतेस, परत सुरू होईपर्यंत मी आकडे मोजतो." मी हसण्यावारी न्यायचे. शेवटी झोपेची तपासणी केली, तर तासाला ३४ वेळा श्वास अडतो असं निघालं. आता रात्री तोंडावर सीपॅपचा, म्हणजे श्वास चालू ठेवायला हवेचा दाब देणाऱ्या मशीनचा मास्क. मुलगा म्हणतो, आई फायटर पायलट झाली.

"आधी डाएट करून बघा" म्हणणाऱ्यांसाठी: धाकट्याच्या वेळी बाळंतपण उरकलं तेव्हा ७४ होते. तिथून पुढे मध-लिंबू झालं, जीएम डाएट झालं (केळी-दुधाच्या दिवशी सातवी ब समोर चक्कर), वर्षाची फी भरून अडीच महिन्यांची जिम झाली. दीक्षित डाएटने खरंच ९ किलो उतरले, शुगरही खाली आली, सात महिने नेटाने केलं. मग सासऱ्यांचं आजारपण, दवाखान्यातल्या रात्री, खालच्या कँटीनचा वडापाव. सुटलं ते माझ्याच हातून, दोष कुणाला देत नाही. पण गेलेले नऊ परत आले ते येताना चार पाहुणे घेऊन.

शाळेत साडी सक्तीची नाही, तरी मी साडीच नेसते. तयार ड्रेस अंगाला येत नाही हे खरं कारण. साडी 'बसत नाही' असं कधी म्हणत नाही, फक्त निऱ्या कमी होत जातात. लग्नात सात यायच्या. आता चार, त्यातली चौथी ओढूनताणून. गेल्या दिवाळीत आईची जुनी इरकल काढली, आधीच लांबीला कमी, तर तीन निऱ्या आल्या आणि पदर कोपराशीच संपला. घडी घालून परत ठेवली. वडापवाला (आमच्याकडची शेअर जीप) दोन सिटांचे पैसे मागतो ते मी देते, त्याचं काही वाटेनासं झालंय. त्या तीन निऱ्यांचं वाटलं.

तर पुण्याच्या एका सर्जनना भेटून आलो. त्यांनी रिपोर्टाच्या पाठीवर जठराचं चित्र काढून दाखवलं. स्लीव्ह म्हणजे जठराचा मोठा भाग कापून केळ्यासारखी नळी ठेवायची, बायपास म्हणजे वर छोटी पिशवी करून तिला आतडं जोडायचं. मला रात्री जळजळ होते म्हटल्यावर थांबले, "आधी एंडोस्कोपी करू, मग ठरवू" म्हणाले. खर्च पावणेचार लाख. आरोग्य विमा आहे, पण विमावाल्या एजंटने सांगितलं की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० लागतो आणि माझा ३९.८ आहे. ४० व्हायला ६०० ग्रॅम कमी पडतात! सोळा वर्षं उतरवायला धडपडले आणि आता कमी पडतात म्हणे. एजंट म्हणाला, "मॅडम, आठवडाभर जरा नीट जेवा." हसावं की रडावं.

विचारायचं बरंच आहे. जळजळ असताना स्लीव्ह केलेलं कुणी आहे का? विम्याचं खरं काय? आम्ही शाकाहारी, मग नंतर प्रथिनं कुठून आणायची? आणि सगळ्यात अवघड म्हणजे घरचे. नवरा बरोबर आहे. सासूबाई म्हणतात, "धडधाकट पोटाला सुरी कशाला लावून घ्यायची?" माहेरी तर अजून सांगितलेलंच नाही. शिवाय आमच्याकडे पंगतीत ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतात. अर्ध्या वाटीत पोट भरणाऱ्या बाईने तिथं काय करायचं? आणि "सोप्पा मार्ग काढलास" हे ऐकायची तयारी कशी करायची?

वांगीभात

काठापदर, माझी स्लीव्ह २०१८ ची. १२१ वरून ७९ पर्यंत आले, मग हळूहळू चढून आता ८६. हे आधीच सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी काटा परत थोडा वर सरकतो.

पहिले दिवस सलाइनपेक्षा कंटाळ्याचे. औषधाच्या टोपणाने ३० मिली पाणी, तेही घोट घोट. एका दमात प्यायलं की छातीत गोळा अडकल्यासारखं होतं. दोन आठवडे पातळच: डाळीचं वरचं पाणी, ताक, गाळलेलं सूप, पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधलं, मग मऊ. मी पण शाकाहारी. चक्का, पनीरची बुरजी, मुगाचं धिरडं, सोयाबीनच्या वड्या शिजवून वाटून. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं म्हणाले होते, पावडरीशिवाय तो आकडा मला आजही गाठता येत नाही. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने. ही सवय लागायला सहा महिने गेले. पोळी अजून जड जाते, भाकरी ताकात कुस्करून चालते.

चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गेले, वर्षात परत आले. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी होती.

आता तुझा मुद्दा. मला आधी जळजळ नव्हती, स्लीव्हनंतर सुरू झाली आणि रोज सकाळी गोळी घेते. तुला आधीपासूनच आहे, म्हणून एंडोस्कोपी टाळू नकोस.

स्पष्ट_बोलतो

राग मानू नका, पण पावणेचार लाख घालवण्यापेक्षा जिभेवर ताबा ठेवला तर? आमच्या आजीला कुठलं ऑपरेशन लागलं नाही. रोज १० किमी चाला, रात्रीचं जेवण सोडा.

ओसरी

मी भूलतज्ज्ञ आहे, अशा शस्त्रक्रियांना बऱ्याचदा उभी राहिलेय. तेव्हा हे उत्तर आजीसकट.

वजन उतरलं की शरीर ते संकट समजतं. भुकेची संप्रेरकं वाढतात, विसाव्याला जळणारी ऊर्जा कमी होते, आणि हे वर्षानुवर्षं टिकतं. काठापदर यांचे नऊ किलो परत आले त्यात वडापावाचा वाटा असेल, पण सगळं बिल त्याच्या नावावर फाडू नका. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग जातो, त्यात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक बनवणारा वरचा भागही जातो. म्हणून "भूकच लागत नाही" असं लोक सुरुवातीला सांगतात. नुसती पिशवी लहान केल्याचा तो परिणाम नव्हे.

काठापदर, तुमच्यासाठी. जळजळ जुनी असेल किंवा एंडोस्कोपीत हर्निया, अन्ननलिकेला सूज असं काही निघालं तर बहुतेक सर्जन बायपासकडे वळतात, कारण स्लीव्हने आम्लपित्त वाढू शकतं. मधुमेहालाही बायपास जरा सरस. बदल्यात जीवनसत्त्वांची कमतरता जास्त, आणि दुखण्यावर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या कायमच्या बंद, नाहीतर जोडावर व्रण होतो. तंबाखू-मिसरी कुणी लावत असेल तर तीही. 'मिनी' बायपास (आतड्याचा एकच जोड असलेला) सुचवला तर पित्त वर येण्याबद्दल मुद्दाम विचारा.

सीपॅपचं मशीन दवाखान्यात बरोबर न्या, स्वतःचं. विसरलेला पेशंट आला की माझी रात्र जाते. आधी दोन आठवडे कमी कर्बोदकांचा आहार देतील, तो शिक्षा म्हणून नसतो. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, तो आकसला की सर्जनला जागा मिळते. त्याच संध्याकाळी उठवून चालवतील, पायात गुठळी होऊ नये म्हणून. मधुमेहाच्या गोळ्या लगेच कमी कराव्या लागतात, जुना डोस चालू ठेवला तर साखर धाडकन खाली येते, तेव्हा लेखी सूचना घ्या.

धोका आहे. अनुभवी ठिकाणी मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या जवळपास. शिवणीतून गळती शंभरात एखाद्याला. घरी आल्यावर नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही.

दुपारचा_चहा

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं काय? आमच्या ऑफिसात तिघं घेतायत.

ओसरी

मौंजारो भारतात मार्च २०२५ ला आलं, वेगोव्ही जूनमध्ये. चांगली औषधं आहेत. पण मधुमेह असलेल्यांचं वजन त्यांनी तुलनेने कमी उतरतं, आणि थांबवलं की बरंचसं परत येतं. शस्त्रक्रियेने एकूण वजनाच्या २५-३० टक्क्यांपर्यंत उतरतं. दोन्हींत वैर नाही, वांगीभात यांच्यासारखं नंतर चढलं तर तेव्हा इंजेक्शन वापरतातच. सर्जनना विचारून ठेवा.

हिशेबनीस

विम्यात २२ वर्षं काढलीत. त्या एजंटने अर्धंच वाक्य वाचलंय. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) पॉलिसीतल्या वगळणुकीची भाषा २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांना सारखी करून दिली. त्यानुसार या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. किंवा ३५ वा जास्त आणि साधे उपाय करूनही पुढीलपैकी एक: लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयधमन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया, आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. तासाला ३० च्या वर म्हणजे तीव्रच, आणि ८.९ ला आटोक्यात कोण म्हणेल? तुमच्याकडे एकाच्या जागी दोन कारणं आहेत. ६०० ग्रॅमसाठी जेवू नका.

कागद मात्र जमवा. झोपेच्या तपासणीचा मूळ रिपोर्ट, दोन-तीन वर्षांचे एचबीए१सी, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जिमची पावतीसुद्धा. सर्जनच्या पहिल्या केसपेपरवर वजन-उंची लिहून घ्या. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ संपलाय का, आणि घेताना मधुमेह लिहिला होता का, हे आधी बघा. बहुतेक दावे तिथेच अडकतात. पूर्वमंजुरी लेखी आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

बर्मिंगहॅमकर

माझा बायपास इथे इंग्लंडात एनएचएसमधून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतून झाला. दक्षिण आशियाई लोकांसाठी इथे बीएमआयची अट अडीचने खाली धरतात, आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो म्हणून. आधी कित्येक महिने आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या बैठका. तेव्हा वैताग आला होता, पण रडू आल्यावर मी खाते हे मला तिथंच कळलं. पोट लहान झाल्यावर ते रडू कुठंतरी जाणारच ना.

डंपिंगबद्दल कुणी लिहिलं नाही. ऑपरेशननंतरचा पहिला गणपती. मंडळात एका काकूंनी उकडीचा मोदक दिला, वर तूप. एकच खाल्ला. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, आरती चालू असताना मी चपलांच्या ढिगावर बसलेले. गोड आतड्यात एकदम उतरलं की होतं. आता मोदकाची कळी तोडून खाते आणि बाकीचा नवऱ्याला.

वांगीभात

आग्रहाचं राहिलंच. मी कुणालाच 'वजनाचं ऑपरेशन' सांगितलं नाही, "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बंदी केलीय" एवढंच. एकदम खरं आहे. पंगतीला बसायचंच नाही, वाढायला घ्यायचं. हातात पातेलं असलं की कुणी ताट बघत नाही. "सोप्पा मार्ग" म्हणणाऱ्या जावेला मी एकदा ते ३० मिलीचं टोपण दिलं आणि म्हटलं, आज दिवसभर यातून पाणी पी. दुपारी दोनला परत दिलं तिने.

काठापदर

सगळ्यांचे आभार. स्पष्ट_बोलतो, तुमचेही. तुमच्या प्रतिसादामुळे ओसरी यांनी एवढं लिहिलं आणि ते मी नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं. सासूबाई वाती वळत तिथंच बसल्या होत्या.

हिशेबनीस, पॉलिसी काढून बघितली. प्रतीक्षा काळ गेल्या वर्षी संपलाय, मधुमेह लिहिलेला आहे. जिमची पावती सापडली!

एंडोस्कोपी सोमवारी. बायपासकडे मन झुकलंय, पण आत काय दिसतं त्यावर. माहेरी रविवारी जाऊन सांगणार आहे, फोनवर नको.

आज संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी घासून पालथी घातलेली. सासूबाईंच्या कपाटातली, चौदा वर्षांत बाहेर निघाली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "अर्धी वाटी, अर्धी वाटी चाललंय तुमचं, मग कुठली वाटी ते नको का ठरवायला?" आणि टीव्ही लावला. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने पाणी घालून मापली. काठोकाठ ६० मिली.

वांगीभात, पहिल्या महिन्याला एवढी पुरेल, की हीसुद्धा मोठी होईल?