ड्रायसूटचा डावा पाय सारखा भिजतोय, बूट चिकटवू की शिवण बघू?

गोदीकर_८८
मंडळी, मदत हवीये. मी बंदरात डायव्हिंग करतो, जहाजाच्या बुडाची तपासणी, प्रोपेलरला गुंडाळलेली जाळी कापणं अशी कामं. मुंबईत ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा, बूट जोडलेला अंगभर सूट) कशाला असं सगळेच विचारतात, पण तो थंडीसाठी नाहीये, गोदीच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो, सांडपाणी येतं, ते अंगाला लागू नये म्हणून घालतो. सूट ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे मध्ये रबराचा थर असलेल्या तीन थरी कापडाचा, सेकंडहँड घेतलेला. गेले तीन डाइव्ह डावा मोजा पोटरीपर्यंत ओला निघतोय. बुटाची कड घोट्यापाशी नखाने उचलली जाते म्हणजे तिथूनच येत असणार. घरात फेव्हिक्विक आहे ते लावू का, की चपला दुरुस्त करणाऱ्याकडचं सोल्यूशन आणू? नवीन सूट सध्या परवडणार नाही, आणि त्या पाण्याने एकदा पायाला चट्टे उठलेत.

भरती_ओहोटी
फेव्हिक्विक अजिबात नको रे. ते वाळलं की काचेसारखं कडक होतं, पाय दुमडला की तडकणार. सिलिकॉन सीलंट तर त्याहून वाईट, कारण एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर नंतर दुसरं काहीच धरत नाही.
आणि पाय ओला म्हणजे भोक पायातच असं समजू नकोस. मांडीतून, अगदी जांघेतून आत आलेलं पाणी पण शेवटी बुटातच साठतं. आधी हवा भरून बघ. मनगटाच्या सीलमध्ये (पाणी अडवणाऱ्या घट्ट कडेत) झाकण लावलेली पाण्याची बाटली घाल, गळ्यात प्लास्टिकची बरणी, झिप पूर्ण लाव, हवा बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व घट्ट बंद कर आणि हवा भरायच्या इन्फ्लेटरने हळूहळू फुगव. उशीसारखा मऊ राहू दे, ढोलासारखा ताणलास तर चांगल्या शिवणी पण सुटतील. मग भांड्यांच्या लिक्विड साबणाचं पाणी ब्रशने शिवणींवरून फिरव आणि बुडबुडे दिसतील तिथे खडूने खूण कर. घाई करू नकोस, बारीक भोकाचा बुडबुडा यायला वेळ लागतो.

फर्मा_आणि_रबर
माझं डायव्हिंगशी काही नातं नाही, पण कुर्ल्याला ठक्कर बाप्पा कॉलनीत आमचं बूट बनवायचं काम आहे त्यामुळे चिकटवण्याबद्दल हक्काने सांगते. बुटासाठी निओप्रिनचं कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्हच लागतं, आणि हार्डनर घालायचं दोन भागांचं मिळालं तर तेच घ्या, नुसत्यापेक्षा पाण्यात आणि उन्हात जास्त टिकतं.
उचललेली कड हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोलायची, ओढायची नाही, नाहीतर कापडातला रबराचा थर सोबत येईल. बुटाचं रबर सँडपेपरने मॅट होईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. झिपचं मेण, सीलचा टाल्क, सिलिकॉन स्प्रे यातलं काहीही राहिलं तर सगळी मेहनत वाया. पायात आतून लाकडी फर्मा (पावलाच्या आकाराचा ठोकळा) घाला म्हणजे दाबायला टणक आधार मिळतो. दोन्ही बाजूंना पातळ थर, वाळू द्या, परत पातळ थर, आणि बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच नीट नेम धरून बसवा. मग लाटण्याने जीव लावून दाबा, वजन ठेवून रात्रभर सोडण्यापेक्षा हा दाब महत्त्वाचा असतो.
पावसाळ्यात मात्र सांभाळा! सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं, पांढरट झाक येते. तशावर चिकटवलेलं आठ दिवसात सुटतं, आमच्याकडे जुलैत असे जोड परत आलेत. एसीच्या खोलीत करा, पण एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, वासाचा मास्क लावा आणि जवळ आग नको.

भरती_ओहोटी
ताई, पांढऱ्या झाकेचं मला आजपर्यंत माहीत नव्हतं, दोन वर्षांपूर्वी माझा बूट का सुटला ते आत्ता कळलं.
शिवणीचं गणित बरोबर उलटं आहे. तिथे अॅक्वाशुअरसारखं युरेथेनचं सोल्यूशन लावतात आणि ते हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं, त्यामुळे आपल्या हवेत ते खूश असतं. कोटोल (लवकर पक्कं करणारं द्रव) मिसळलं तर अजून लवकर, पण मला साधंच आवडतं, वेळ मिळतो. सूट उलटा करून आतून लावायचं, शिवणीवरची टेप उचलली असेल तर तिच्या खाली भरून कडेच्या बोटभर बाहेरपर्यंत पातळ पसरायचं. उघडलेली ट्यूब झाकण घट्ट करून फ्रीजरमध्ये ठेव, बाहेर राहिली तर पुढच्या वेळेला दगड झालेली मिळेल.

गोदीकर_८८
काल रात्री गच्चीवर टेस्ट केली. बुटाच्या कडेला एक पण बुडबुडा नाही! जांघेत चार शिवणी एकत्र येतात तिथे मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग, आणि सूट उलटा केल्यावर तिथली टेप दोन इंच सुटलेली दिसली. पुसून, रात्रभर वाळवून आज सकाळी युरेथेन लावलंय, हात लावायचा मोह आवरून बसलोय.
ताई, बुटाची कड गळत नसली तरी उचललेली आहेच ना, मग ती आत्ता एसीत करू की दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर?

फर्मा_आणि_रबर
कड किती खोल सुटलीये ते बघा दादा. एकूण जोड चारेक सेंटीमीटर असेल आणि त्यातला अर्धा सेंटीमीटरच उचलला असेल तर थांबा, फक्त दर डाइव्हला खूण करून बघत रहा. त्याच्या पुढे सरकली तर एका दिवसाची पण वाट बघू नका.