नदीमुखाच्या गाळात धातू वाढले म्हणजे प्रदूषण झालंच का?

गाळवाचक:
गाळाच्या अहवालांत एक वाक्य हमखास असतं: तांबं सरासरी शेलपेक्षा (चिखलापासून बनलेल्या खडकापेक्षा) जास्त, म्हणून मानवी प्रदूषण. यातला 'म्हणून' बहुतेकदा सिद्धच केलेला नसतो. तुलनेचे आकडे येतात तुरेकियन आणि वेडेपोल यांच्या १९६१ च्या तक्त्यातून: शेलमध्ये तांबं ४५, शिसं २० मिग्रॅ/किलो. त्याच तक्त्यात बेसाल्टसाठी तांबं ८७, शिसं मात्र ६. पाणलोटात बेसाल्ट असेल तर स्वच्छ गाळही तांब्यात जवळपास दुप्पट दिसतो. उलट शिसं तिपटीने वाढून १८ झालं तरी 'शेलपेक्षा कमी' म्हणून सुटतं.

शिवाय धातू चिकटतात ते चिकणमातीला, लोह-मँगनीज ऑक्साइडच्या लेपाला आणि सेंद्रिय द्रव्याला. वाळू जवळजवळ कोरी असते. मुखाशी वाळू आणि आत चिखल असेल, तर आतला भाग 'प्रदूषित' दिसणारच. ६३ मायक्रॉनखालचा भाग वेगळा करा, नाहीतर चिकणमातीचा अंदाज देणाऱ्या अल्युमिनियमशी गुणोत्तर काढा. त्याआधी नकाशा रंगवू नये.

खाजणकाठ:
खडकाचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. तांबं, क्रोमियम, निकेल यांच्याबाबत तुमचं बरोबर आहे. पण शिसं, जस्त, कॅडमियम आणि पारा हे चारही एकत्र आणि फक्त वरच्या थरांत वाढलेले असतील, तर बोट खडकाकडे कसं दाखवणार? पन्नास-साठ वर्षांत पाणलोटातला खडक बदलत नाही. पुस्तकी शेलऐवजी त्याच जागी नळीने उभ्या काढलेल्या गाळाच्या गाभ्याचा तळ पार्श्वभूमी, म्हणजे मूळची नैसर्गिक पातळी, म्हणून घ्या, वाद तिथेच मिटतो. 'पार्श्वभूमी ठाऊक नाही' ही सबब सांडपाणी सोडणाऱ्यांच्याच कामी येते.

गाळवाचक:
तळ घ्या, पण त्याचं वय दाखवा. वय काढायला वापरतात त्या किरणोत्सारी शिसे-२१० चं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे ते फारसं चालत नाही. १९६३ च्या सुमाराचं, अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७ चं शिखर सापडलं तर पडताळा मिळतो. खेकड्यांनी आणि किड्यांनी गाळ घुसळला असेल तर वरच्या थरात शिसे-२१० ची रेषा सपाट येते. अशा गाभ्यावरून सालवार इतिहास सांगू नये. आणि वरचा थर वाढला म्हणजे माणूसच, असंही नाही. खाली ऑक्सिजन संपला की मँगनीज विरघळून वर चढतं, पृष्ठभागाशी पुन्हा ऑक्साइड होऊन बसतं आणि कोबाल्ट, आर्सेनिकलाही धरून ठेवतं.

तेजाब:
तुम्ही दोघंही प्रयोगशाळेतली गफलत विसरताय. आम्लराज (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं मिश्रण) सिलिकेटची जाळी पूर्ण फोडत नाही. समजा गाळात अल्युमिनियम ८ टक्के आहे आणि आम्लराजात उतरलं ४. तुलना शेलच्या ८ टक्क्यांशी केली की समृद्धी गुणांक (नमुन्यातलं धातू-अल्युमिनियम गुणोत्तर भागिले शेलमधलं) थेट दुप्पट! स्वच्छ गाळाला २ मिळतो आणि मथळा तयार होतो. टेफ्लॉन भांड्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाने पूर्ण विघटन करा, नाहीतर पार्श्वभूमीचा नमुनाही त्याच आम्लराजात मोजा. धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असलेला प्रमाणित संदर्भ गाळ प्रत्येक तुकडीत हवाच.

साधनांकडेही बघा. पितळी चाळणी तांबं-जस्त देते, स्टेनलेस नळी क्रोमियम-निकेल. नायलॉनची चाळणी, प्लास्टिकची नळी, आणि नळीला टेकलेला गाळ खरवडून टाकायचा. पारा मोजायचा असेल तर ओव्हनची घाई नको, गोठवून वाळवा. जलशुद्धीकरणाचा तुरटीयुक्त गाळ नदीत येत असेल तर अल्युमिनियम फुगतं आणि खरं प्रदूषण झाकलं जातं. तिथे लिथियमने भागून बघा.

खाजणकाठ:
हे सगळं मान्य करूनही माझा आग्रह कायम आहे. एकूण मात्रेपेक्षा सैल, म्हणजे सौम्य आम्लातही सुटणारे, धातू पहा. १ ग्रॅम गाळ, ०.११ मोलर अ‍ॅसिटिक आम्ल ४० मिली, १६ तास हलवणं. एवढ्यात कॅडमियमचा मोठा हिस्सा बाहेर आला तर तो खडकाच्या जाळीतला नव्हे. फक्त गाळ उघड्यावर वाळवू नका. सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि घट्ट बसलेलं जस्त, कॅडमियम सैल दिसू लागतं.

गाळवाचक:
ही कसोटी मला चालेल, पण कॅडमियमच्या कमी आकड्यावरून कुणाला निर्दोष ठरवू नका. खारट पाण्यात क्लोराइड त्याला कणावरून ओढून पाण्यात नेतं. मुखाकडचा गाळ स्वच्छ दिसेल आणि धातू समुद्रात गेलेला असेल.