बाबांसाठी हाताने केलेलं कार्ड : तुमचा अनुभव लिहा

मी तिसरीत होते. आमचं गाव नगर जिल्ह्यात, आप्पा एसटीत कंडक्टर. त्यांच्या वाढदिवसाला कार्ड द्यायचं मी ठरवलं. तारीख मला पाठ होती, कारण रेशनकार्डाच्या कामासाठी काढलेल्या दाखल्यावर ती वाचली होती : १ जून.

गावात रात्री मुक्कामाची गाडी यायची. सकाळी ती झाडली की वापरलेली तिकिटं सीटखाली सापडत. तेव्हा मशीनची तिकिटं नव्हती. किमतीप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचे पातळ कागद आणि त्यांना आप्पांच्या पंचचं भोक. आठवडाभर मी ती गोळा केली. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, कणकेची खळ शिजवली आणि तिकिटं एकाला एक लावत गाडी केली. लाल रंग नव्हता म्हणून कुंकू कालवलं. ते इतकं पसरलं की टायरही लाल झाले. काचांच्या जागी चॉकलेटचा चकचकीत कागद. खाली लिहिलं, ‘आप्पांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’.

आप्पांनी कार्ड दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “ही तारीख माझी न्हाई गं बाय. गुरुजींनी लावलेली हाय.”

शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा जन्मतारीख कोणालाच सांगता आली नव्हती. गुरुजींनी १ जून लिहून टाकली. आप्पांच्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांचा वाढदिवस १ जूनच! मला रडू फुटलं. आजी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, “पानशेत फुटलं त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला ह्यो.” म्हणजे १९६१.

आप्पा म्हणाले, “पर कार्ड वाया जायचं न्हाई. १ जूनला एसटीचा वाढदिवस असतो. १९४८ साली पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती ह्याच तारखेला.” माझं कार्ड त्यांनी ड्युटीवर नेलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला सुतळीने बांधलं. संध्याकाळी गाडी गावात आली तेव्हा मी चढून बघितलं. गाडीत गाडी लटकत होती. माझ्या नावाखाली आप्पांनी पेनने आमच्या गावाचं नाव घातलं होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुसरं कार्ड केलं, बैलाचं. तेव्हापासून आमच्या घरी आप्पांचा वाढदिवस तोच. कागदावर मात्र १ जूनच राहिला, आणि त्याच तारखेमुळे ते २०१९ च्या ३१ मेला निवृत्त झाले.

आईला कार्ड दिलं की ती बोलते. वडील बहुतेक वेळा बोलत नाहीत, त्या कार्डाचं काहीतरी करतात. तुम्ही काय वापरलंत, काय बिघडलं, आणि वडिलांनी कार्ड हातात घेऊन काय केलं, ते मला वाचायचं आहे. लिहा ना.

*

भुसावळहून लिहिते आहे. आमचे अण्णा शिंपी. दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग.

चौथीत असताना कार्डासाठी मी त्यांची मोठी कात्री घेतली आणि पुठ्ठा कापला. शिंप्याच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार मरते. दुसऱ्या दिवशी अण्णा एका बाईंचं ब्लाऊजपीस कापायला बसले आणि कात्री कापड चावायला लागली. कापण्याऐवजी धागे ओढायची. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. ऐन लग्नसराईत धार लावून आणण्यात अर्धा दिवस गेला. पुठ्ठ्याचं ते कार्ड मी शेवटी दिलंच नाही.

पण मनातून जाईना. मग कॉलरला लावतात त्या बकरमचा तुकडा घेतला, लहान कात्रीने. बकरम छान ताठ राहतं, कार्डासारखं. त्यावर निळ्या दोऱ्याने टाके घालून ‘अण्णा’ लिहिलं. कार्ड बंद करायला एक बटण लावलं आणि पलीकडे काज केलं. काज म्हणजे काय, कापून कडेने कसेतरी टाके मारले होते.

अण्णांनी कार्ड उघडलं, वाचलं, बंद केलं. परत उघडलं आणि काज बोटाने चाचपलं. चष्मा लावला, ब्लेडने माझे सगळे टाके उसवले आणि मला शेजारी बसवून ते काज पुन्हा घातलं. “दोरा दुहेरी घे. प्रत्येक टाक्याला गाठ आतल्या कडेवर बसली पाहिजे.” ‘अण्णा’ या अक्षरांना मात्र त्यांनी हात लावला नाही, ती वाकडी होती तरी.

आज मी ब्लाऊज शिवते. माझ्या काजांना गिऱ्हाईक नाव ठेवत नाही.

*

माझ्या बाबांना दिसत नाही. जन्मापासून नाही, पण मी झाले त्याच्या आधीपासून. शाळेत जूनमध्ये बाईंनी वर्गाला वडिलांसाठी कार्ड करायला सांगितलं. सगळ्यांनी स्केचपेनने सूर्य, डोंगर, झोपडी काढली. मीही काढली. घरी जाताना रस्त्यात विचार आला की हे मी बाबांना देणार, म्हणजे आईने त्यांना वाचून दाखवायचं. मग कार्ड कोणाला मिळालं?

म्हणून घरी दुसरं केलं. डोंगराला बारीक वाळू, सूर्याला हरभऱ्याची डाळ गोल लावून, नदीला लोकर. झोपडीच्या छपराला झाडूच्या काड्या. फेविकॉल भरपूर, कारण डाळ निघते.

मजकूर ब्रेलमध्ये लिहायचा होता. बाबांची पाटी आणि लेखणी मी रोज बघायचे. लोखंडी पट्टीच्या चौकटीत कागद अडकवायचा आणि लेखणीने टोचायचं. सहा टिंबांचं एक घर. ‘ब’ला पहिलं आणि दुसरं टिंब, काना म्हणजे तिसरं, चौथं, पाचवं. ‘बाबा’ शब्दाला चार घरं, एकूण दहा टिंबं. एवढं मला येत होतं, म्हणून मी डावीकडून उजवीकडे टोचत गेले. कागद उलटला आणि सगळं उलटं झालं! टिंबं मागच्या बाजूला वर येतात, त्यामुळे लिहिताना उजवीकडून सुरुवात करून प्रत्येक घर उलटं टोचायचं असतं. बाबा ते दर रात्री करायचे, आणि मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

तरी तेच चिकटवलं. बाबांचं बोट आधी सूर्यावर गेलं, मग नदीवरून सावकाश खालपर्यंत गेलं. टिंबांवर येऊन थांबलं, मागे गेलं, परत पुढे आलं. मग त्यांनी चिकटवलेली ती पट्टी कडेने अलगद सोडवली, उलटी केली आणि मागच्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. “आता लागलं,” म्हणाले. “बाबा.”

त्या संध्याकाळी त्यांनी लेखणी माझ्या हातात दिली, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि उजवीकडून पहिलं टिंब टोचायला लावलं.

*

वरचं वाचून आमचे दादा आठवले. (आमच्याकडे वडिलांना दादाच म्हणतात, सांगली भागात.) ते छापखान्यात खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे ठसे, जुळवायचे. उलटं वाचणं हाच त्यांचा धंदा. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं असतं आणि ते दादा कागदावरच्या सरळ अक्षरांपेक्षाही भराभर वाचत.

१९८६ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या मागे लागून एक ओळ स्वतः जुळवली : ‘दादांस, तुमचा मुलगा’. ‘दा’चा काना वेगळा, अनुस्वार वेगळा, प्रत्येकाचा खण वेगळा. एका ओळीला अख्खी दुपार. मालकांनी परवानगी दिली आणि ट्रेडलवर (लहान छपाईयंत्रावर) लग्नपत्रिकेच्या उरलेल्या कार्डशीटच्या पट्टीवर चार प्रती काढल्या. त्यातली सगळ्यात स्वच्छ मी दादांना दिली.

त्यांनी आधी मजकूर वाचलाच नाही. कार्ड उलटं करून पाठीवरून बोट फिरवलं. “ठसा मागं उमटलाय. दाब जास्ती झाला.” मग घडी बघितली, तिथे कार्ड तडकलं होतं. “आडव्या धाग्यावर मोडलंस.” आणि मला धडा मिळाला, तो इथे देतो, कार्ड करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहे. कागदालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो. कार्डशीट न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने ती सहज वाकते, त्या बाजूने घडी घाला. आणि घडीच्या आधी पट्टी लावून, शाई संपलेल्या रिफिलीने एक रेघ दाबून ओढा. घडी सुरीसारखी बसते.

मजकुराबद्दल दादा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण ती ओळ त्यांनी सोडवली नाही. छापखान्यात काम झालं की खिळे लगेच आपापल्या खणात परत टाकावे लागतात, नाहीतर पुढच्या कामाला अक्षरं अपुरी पडतात. माझी ओळ दोऱ्याने बांधून चार दिवस त्यांच्या फळीवर तशीच होती. ‘द’ कमी पडले तेव्हा कुठे मोडली. छापखान्यातल्या माणसाने चार दिवस अक्षरं अडवून ठेवणं म्हणजे काय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

*

पप्पा मस्कतला होते, दोन वर्षांनी एकदा यायचे. कोणी गाववाला निघाला की त्याच्याबरोबर कार्ड पाठवायचं. सामानात जागा नसायची, म्हणून कार्ड पातळ हवं. मी दर वेळी तेच करायचो : कागदावर पंजा ठेवून पेन्सिलने गिरवायचा आणि तारीख घालायची. एकदा परत येणाऱ्याच्या हाती माझंच कार्ड परत आलं. माझ्या पंजाभोवती पप्पांनी त्यांचा पंजा गिरवला होता. मी त्यावर हात ठेवून बघितला. अजून बरंच अंतर होतं.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, सातारा जिल्ह्यात. एक विनंती : वर्गात ‘वडिलांसाठी कार्ड करा’ एवढंच सांगू नका. माझ्या वर्गात तीन मुलांना वडील नाहीत आणि एकाचे वर्षभर ऊसतोडीच्या नाहीतर दुसऱ्या कामावर बाहेर. पहिल्या वर्षी हे माझ्या लक्षात आलं नाही आणि एक मुलगी तासभर कोऱ्या कागदापुढे बसून राहिली. ती चूक माझी होती. आता मी म्हणतो, घरात जो तुमच्यासाठी राबतो त्याच्यासाठी करा. त्या मुलीने पुढच्या वर्षी मामासाठी ट्रॅक्टर केला, उघडल्यावर उभा राहणारा.

उभं राहणाऱ्या चित्राचं माप बऱ्याच जणांचं चुकतं, म्हणून सांगतो. घडीच्या कडेपासून आत दोन समांतर चिरा द्यायच्या आणि मधली पट्टी आत ढकलायची. चीर कार्डाच्या बंद रुंदीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. जास्त झाली तर कार्ड मिटल्यावर पट्टीचं टोक बाहेर डोकावतं. चित्र पट्टीला चिकटवणार असाल तर त्याचीही उंची धरा. आमच्या ट्रॅक्टरचं धुराडं बाहेरच राहिलं होतं. मामाने ते तसंच ठेवलं.

*

न्यू जर्सी. मुलगी दुसरीत. जूनच्या तिसऱ्या रविवारच्या आधी शाळेतून टायच्या आकाराचं कार्ड घेऊन आली. मी टाय लावत नाही, पण तो दिवसभर गळ्यात बांधला. तिने शाळेत ऐकलेली गोष्ट सांगितली : स्पोकेन गावातल्या सोनोरा डॉड यांच्या वडिलांनी बायको गेल्यावर सहा मुलं एकट्याने वाढवली, म्हणून सोनोरा यांनी १९१० मध्ये ‘फादर्स डे’ सुरू केला. मग विचारलं, “तू आजोबांना कुठलं कार्ड दिलंस?”

कुठलंच नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी मी तिच्या रंगपेट्या घेऊन बसलो आणि आमच्या चिंचवडच्या घराचं फाटक काढलं, त्याची वाकडी कडी धरून. पोस्टाने पाठवलं. तीन आठवड्यांनी तात्यांचा फोन आला. हवामान, नातीची तब्येत, सगळं झालं. ठेवता ठेवता म्हणाले, “कडी सरळ करून घेतली रे परवा. आता तू काढलीस तशी नाही राहिली. परत वाकवून घेऊ का?”

*

माझं कार्ड अजून व्हायचं आहे. वडिलांची साठी पुढच्या महिन्यात. लहानपणी त्यांनी मला पिंपळपानाची जाळी करून दिली होती, तशीच करून कार्डावर लावायची आहे. बादलीत दहा पानं भिजत घातली, त्याला बारा दिवस झाले. वास सुटलाय, बायको बादली गच्चीत ठेवायला लावते, पण पानं हिरवीच आहेत. घासायला गेलो तर एक फाटलं. कोणी केलंय का? वेळ कमी आहे.

*

बारा दिवसांत होत नाही. तीन आठवडे तरी जाऊ द्या, थंडीत त्याहून जास्त लागतात. पाणी चार-पाच दिवसांनी बदला, रोज नको. रोज बदललं तर कुजायला वेळ लागतो. पान बुळबुळीत झालं, बोटाने दाबल्यावर हिरवं सुटलं की काढा. पसरट ताटात पाण्याखाली धरून दात घासायच्या जुन्या, मऊ ब्रशने घासा, मधल्या शिरेकडून कडेकडे. उलट्या दिशेने ब्रश नेऊ नका, तिथेच फाटतं. मग टिपकागदात ठेवून वर जाड वही दाबा. देठ जपा, तो पहिला तुटतो.

नऊ पानं आहेत ना अजून? एक नक्की निघेल. आणि घासायला वडिलांनाच बसवता आलं तर बघा, त्यांचा हात बसलेला आहे.