मदत हवी आहे : पेशंट दगावला, नातेवाईक गावी, रात्री फोनवर काय सांगावं?

पळसफूल :
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बाँडवर (एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा) मेडिकल ऑफिसर आहे. ३० खाटा, रात्री ड्युटीवर मी, एक सिस्टर आणि वॉर्डबॉय.

आमच्याकडे रात्री पेशंटजवळ माणूस असतोच असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बायको दिवसभर वावरात, संध्याकाळी डबा आणून देते आणि शेवटच्या एसटीनं परत, कारण घरी ढोरं आणि लेकरं. अशात पेशंट गेला तर फोन करायचा मी. इथली रीत ठरलेली आहे: "तब्येत जास्त आहे, लवकर या." खरं काय ते आल्यावर. सिनियर म्हणतात, घरी बाई एकटी असते, ऐकून काही करून बसली तर? शिवाय आधी कळलं तर अख्खं गाव घेऊन येतात.

यात तथ्य नाही असं नाही, पण मला पटत नाही. "लवकर या" म्हटलं की एका मोटारसायकलवर तिघं निघतात. अंधार, रस्त्यात रोही नि रानडुकरं. कुणी पेशंटला यवतमाळला हलवायचं म्हणून उसने पैसे घेऊन, गाडी सांगूनच येतो. मग केसपेपरवर मृत्यूची वेळ फोनच्या आधीची दिसते आणि आधी केलेले उपचारही संशयात जातात.

बरं, घाई कशाची? फवारणीतली विषबाधा, विष पिणं, सर्पदंश म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंद लागणारी मेडिकोलीगल केस. पोलिसांना कळवणं, पंचनामा, पीएम (पोस्टमॉर्टेम). सूर्यास्तानंतर पीएम करायची मुभा केंद्रानं नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली, तीही सोय असेल तिथेच, आणि आत्महत्येच्या संशयात एरवी नाहीच. रात्री दोनला पोचलेल्या माणसाच्या ताब्यात देह सकाळनंतरच मिळणार.

कॉलेजात 'स्पाइक्स' शिकवली होती. कॅन्सरच्या पेशंटसाठी २००० साली मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत. तिची पहिली पायरीच शांत खोली, बसून, समोरासमोर. इथं फोन शेजाऱ्याचा, रेंज अंगणात, आणि उचलतं शाळकरी पोरगं. ज्यांनी असे फोन केलेत त्यांनी कृपया नेमकं सांगा, पहिलं वाक्य काय बोलता?

आयसीयूवाला :
खरंच सांगा. कोविडमध्ये नातेवाइकांना आत सोडत नव्हते तेव्हा मी नागपुरात हेच फोन करायचो.

पहिल्या वाक्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुमचा फोन उशिरा होतोय. "तब्येत जास्त आहे" हे वाक्य खोटं नाही, ते पेशंट जिवंत असताना बोलायचं असतं. कीटकनाशकाच्या विषबाधेत पेशंट सुधारल्यासारखा वाटतो आणि २४ ते ९६ तासांत श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, हे तुम्हाला माहीत आहे. डबा आणणाऱ्या बाईला नाही. संध्याकाळचा राउंड शेवटच्या एसटीच्या आधी घ्या आणि तिला सांगा, "आज रात्री काहीही होऊ शकतं, कुणीतरी थांबा."

तरी फोन करावाच लागला तर केसपेपर हातात धरून करा. पेशंटचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव विचारून खात्री करा. एकाच गावात एका नावाची दोन माणसं निघतात. गाडीवर असतील तर थांबायला सांगा. जवळ कोण आहे विचारा. मग "वाईट बातमी आहे" म्हणून क्षणभर थांबा, आणि सरळ "त्यांचा मृत्यू झाला" म्हणा. 'गेले' म्हटलं की समोरून येतं, "कुठी गेले? नागपूरले नेलं काय?"

त्यानंतर गप्प बसा. हे सगळ्यात कठीण. आपण घाबरून बीपी, ऑक्सिजन, इंजेक्शनं सांगत सुटतो. रडू द्या, लाइनवर राहा. शेवटी कामाचं: पीएम सकाळी आहे, रात्री निघू नका, आधार कार्ड आणा. १०८ ची गाडी मृतदेह नेत नाही, शववाहिकेचं तुम्हीच बघून ठेवा. अर्ध्या तासानं परत फोन करा, पहिल्या वेळी मृत्यूपलीकडचं काही डोक्यात शिरलेलं नसतं.

पांढरंसोनं :
डॉक्टर नाही, शेतकरी आहे. माह्या बाबाच्या वेळी आम्हाला असाच फोन आला होता. खरं सांगू? मी आवाजावरूनच समजलो होतो. पण तोंडानं कुणी बोललं नव्हतं म्हणून गाडी चालवू शकलो. तेव्हा खोटं बोलणारे सगळे वाईटच असतात असं समजू नका. माय मात्र मागं बसून रस्ताभर नवस बोलत होती. ते ती अजून विसरली नाही.

आयसीयूवाला :
दादा, तुमचं बरोबर आहे. म्हणूनच "निघू नका" हे सांगायचं. गाडी चालवायचीच नसेल तर लपवायचं कशाला?

धारणीची सिस्टर :
मेळघाटात वेगळीच तऱ्हा. म्हाताऱ्यांना कोरकूच कळते, आणि काही गावांत रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. आम्ही आशाताईला आधी उठवतो. ती घरी जाते, बाईजवळ बसते, मग शक्य तिथे तिच्याच फोनवर आम्ही बोलतो. बातमी तिच्या तोंडी देत नाही, तिला त्याच गावात राहायचं आहे. कोरकू येत असेल तर फक्त उलथा करून सांगायला लावतो. पोलीस पाटलाकडे निरोप दिला तर घराआधी गावात पोचतो, हा माझा अनुभव.

आणि भरती करतानाच विचारून घ्या, "रात्री काही कळवायचं झालं तर कुणाला फोन करू?" दोन नंबर, कुणाचे ते नात्यासकट.

पळसफूल :
दोन नंबरांचं आणि एसटीआधीच्या राउंडचं उद्यापासूनच सुरू करतो. सिनियरांना "निघू नका" पटवणं जड जाईल, पण पीएमची वेळ दाखवून बोलता येईल. पोरानं फोन उचलला तर काय, हे मात्र राहिलं.

धारणीची सिस्टर :
"दवाखान्यातून बोलतो, घरातल्या मोठ्या माणसाला उठव, मी फोन धरून आहे." घरी मोठं कुणी नसेल तर फोन शेजारी न्यायला सांगा. पोरगं विचारणारच, "बाबा बरे आहेत ना?" तेव्हा 'हो' म्हणू नका. "मोठ्या माणसाशी बोलायचं आहे," एवढंच. आणि फोन कट करू नका, पोरं घाबरून परत उचलत नाहीत.