फराळाइतकंच डॉक्टरांच्या सुट्ट्यांकडेही बघ
सातव्या महिन्यात सासरी पहिली दिवाळी आणि 'दोन जिवांची आहेस, खा' असा सगळ्यांचा आग्रह, त्याला नाही कसं म्हणायचं, असं तू विचारलंयस. वर बरंच आलंय, मी थोडी भर घालते.

२४ ते २८ आठवड्यांमधली साखरेची तपासणी झाली का? ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. 'दिवाळीनंतर करू' म्हणून ती ढकलू नकोस. रिपोर्ट हातात असला की आग्रह करणाऱ्यांना सांगणंही सोपं जातं. साखर ठीक असेल तर एखादी करंजी खा की! चकली-चिवड्याने मला फार जळजळायचं, म्हणून रात्री टाळायचे. आणि लोहाची गोळी चहासोबत नको, लोह नीट शोषलं जात नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज तुझ्या डॉक्टर गावात आहेत का, नसतील तर कोण बघणार, हे आत्ताच विचारून ठेव. सासरी जाताना फाईल सोबत ने. बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सणाचा दिवस म्हणून अजिबात थांबू नकोस. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, गरोदर बायकांसाठी १०२ पण आहे. दोन्ही नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही असू देत.